लेकराची खुर्ची आणि घरातली पंगत

नमस्कार श्रोतेहो.

लेकराला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झाली, मऊ वरणभात, जवारीची पेज सुरू झाली, की घरात चर्चा निघते: याला बसवून भरवायचं कुठं? मांडीवर घेतलं तर ते वाटीतच हात घालतं. मग कुणीतरी मोबाइलवर हाय चेअरचं चित्र दाखवतं. लातूर-नांदेडकडच्या दोन खोल्यांच्या घरात लगेच पहिला सवाल येतो, ही मावेल कुठं? माझं म्हणणं, त्याच्याआधी दुसरं विचारा. तुमच्या घरचे जेवायला बसतात कुठं?

उंच खुर्ची आहे टेबलावर जेवणाऱ्या घरांची. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविक यांनी 1972 मध्ये ट्रिप ट्रॅप नावाची लाकडी खुर्ची केली. मोठ्यांच्या टेबलाशी आपल्या मुलाला नीट बसता येत नाही, हे पाहून त्यांना ती सुचली. तिच्या दोन फळ्या, एक बसायची आणि एक पाय टेकायची, मूल वाढेल तशा वरखाली करता येतात. लेकरू सगळ्यांच्या बरोबरीनं बसावं, एवढाच त्यातला विचार. आता तुमच्याकडं सगळे शहाबादी फरशीवर पंगतीला बसत असतील, तर बरोबरी खालीच आहे. लेकराला वर चढवून आपण फरशीवरून मान उंच करून घास द्यायचा, यात काय अर्थ?

अशा घराला जमिनीवर ठेवायचं बुटकं आसन पुरतं. पुढं ट्रे, कमरेला आणि मांड्यांच्या मधून पट्टा, पाठ सरळ. मागं रेललेल्या लेकराच्या घशात घास अडकायची भीती जास्त, म्हणून आरामखुर्चीसारखं झुकलेलं आसन जेवायला घेऊ नका. लेकराची मान पक्की धरलेली हवी आणि आधारानं बसता यायला हवं. ते अजून एका बाजूला कलंडत असेल, तर थोडे दिवस मांडीच बरी.

एक मात्र पाळा. जमिनीवरचं आसन जमिनीवरच ठेवायचं. दिवाणावर नाही, ओट्यावर नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. अमेरिकेत 2012 मध्ये बंबो नावाची सुमारे 40 लाख आसनं दुरुस्तीसाठी परत बोलावली गेली. उंचावर ठेवलेल्या आसनातून मुलं पडत होती, जमिनीवर ठेवलेल्यातूनही निसटत होती. उपाय म्हणून कंपनीनं पट्टा दिला.

घरात टेबल असेल आणि उंच खुर्चीच घ्यायची असेल, तर दुकानात जाण्याआधी खडू घ्या. खुर्चीच्या खालच्या पायांचा पसारा दोन-अडीच फूट असतो, तेवढा चौकोन फरशीवर आखा आणि एक दिवस त्याला वळसा घालून घरात वावरून बघा. मोरीकडं जाताना पाय त्यात पडत असेल, तर रात्री अंधारात त्या खुर्चीला नक्की अडखळणार. पाय आखडते घेऊन पसारा कमी केलेली खुर्ची मात्र घेऊ नका, ती लवकर कलंडते. घडी होणारी घ्या, पण घडी उभी राहते का, ते तिथंच करून बघा. पट्टा खांद्यांवरूनही येणारा असावा. पाय लोंबकळत न राहता टेकायला हवेत, त्यानं लेकरू स्थिर बसतं.

साध्या खुर्चीला बांधायचं बूस्टर आसन जागा वाचवतं, हे खरं. पण आपल्याकडच्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीला ते बांधू नका. लेकरानं टेबलाला पायानं रेटा दिला, की खुर्चीसकट मागं. जड लाकडी खुर्ची असेल तरच. आणि कुठलीही खुर्ची असो, कूलर, गॅसची शेगडी आणि लोंबती वायर यांच्यापासून हातभर नव्हे, चांगली लांब ठेवा.

‘एकात चार’वाल्या खुर्च्या छोट्या घराला मोह पाडतात. हीच खुर्ची, हाच झोपाळा, हाच वॉकर! वॉकरची चाकं तर मला नकोच वाटतात. कॅनडानं 2004 पासून बाळांच्या वॉकरवर बंदीच घातली आहे.

आता पाण्याचं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेल्या लातूरला हे सांगायला नको, पण दुकानात गादीचा रंग बघताना हे विसरायला होतं. कापडी गादी रोज वरणानं भिजते आणि धुवायला बादली लागते. रेक्झीन मे महिन्यात पाठीला चिकटतं. त्यापेक्षा सपाट, गुळगुळीत प्लास्टिक बरं, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. खुर्ची उलटी करून खाच-सांदी बघा, भात तिथंच वाळून बसतो आणि मग मुंग्यांची रांग लागते. ट्रे निघणारा असावा, आणि तो आपल्या मोरीच्या नळाखाली मावतो का, याचाही अंदाज घ्या.

नणंदेकडची, जावेकडची जुनी खुर्ची येत असेल तर खुशाल घ्या. फक्त बक्कल लावून पट्ट्याला जोरात हिसका द्या. सुटलं, किंवा पट्टा विरलेला दिसला, तर ती खुर्ची बाहुल्यांना बसवायला ठेवा.

नमस्कार.