घंगाळ कोणी दिलं?

नमस्कार, श्रोतेहो.

इंदूरच्या रामबागेतला एक जुना वाडा पाडायला काढलाय. घरची माणसं फ्लॅटमध्ये राहायला निघालीत. दारात भंगारवाला उभा, त्याच्यासमोर एक पितळी घंगाळ. दोन कड्यांचं, काठाला पोचा आलेलं. माझ्या एका कथेत घडतं ते एवढंच. ती मी तीनदा लिहिली आणि तिन्ही वेळा निराळीच कथा हाती आली.

आधी मुलाला निवेदक केलं. ‘आईनं घंगाळ देऊन टाकलं, मला हायसं वाटलं.’ नव्या न्हाणीघरात ते मावणार कुठे? गोष्ट जागेच्या अडचणीची झाली. पोचा तो लहानपणापासून बघत आलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तो येतच नाही.

मग सुनेच्या तोंडून लिहिली. पहिल्याच शब्दाला हात थांबला. ‘आईनं दिलं’चं ‘सासूबाईंनी दिलं’ झालं. आपल्या मराठीत निवेदक बदलला की माणसाचं नावच बदलतं, नातं बदलतं, आणि किती जवळून बोलायचं तेही. सून बघते, की घंगाळ देण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी ते चिंच लावून लख्ख घासलं. भंगारात जाणारी वस्तू कुणी घासतं का? तिला विचारावंसं वाटतं, धीर होत नाही. अख्खी कथा त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभी राहिली. माझ्या मते तिन्हींतली हीच सर्वांत चांगली.

तिसऱ्यांदा आई स्वतःच बोलू लागली, आणि मी अडकले. पोचा कसा आला हे तिला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, अभ्यंगाच्या पहाटे, घंगाळ तिच्या हातून निसटलं होतं. सासऱ्यांचा आवाज चढला तेव्हा तिची सासू पुढे झाली, ‘माझ्याच हातून पडलं’ म्हणाली. आता ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या बाईनं हे शेवटच्या ओळीपर्यंत दडवलं, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. सुनेच्या कथेत हे गूढ आपोआप राहतं, कारण तिला ते माहीतच नाही. शेवटी आईला मी पहिल्याच परिच्छेदात सगळं सांगू दिलं. मग भंगारवाल्याच्या तराजूचा काटा हलला तरी वाचताना पोटात कालवतं.

जपानी लेखक र्‍युनोसुके अकुतागावा यांची १९२२ची एक कथा आहे. झाडीत एक सामुराई मरून पडलाय आणि त्याबद्दल सात जणांच्या जबान्या आहेत. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, मेलेला नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून म्हणतो, मीच जीव दिला. मला वाटायचं, निवेदक बदलले की जो तो आपला दोष दुसऱ्यावर ढकलेल. इथे तिघेही तो स्वतःवर ओढून घेतात. माझ्या कथेतल्या आईच्या त्या सासूकडे मी यानंतर नव्यानं पाहिलं.

सध्या चौथा खर्डा चालू आहे, भंगारवाल्याचा. त्याला ना दिवाळी ठाऊक, ना सासू. त्याला ठाऊक आहे पितळेचा भाव. ‘माँजी, तला घिस गया है,’ म्हणत तो घंगाळ काट्यावर चढवायला उचलतो. ते वर येत नाही. एका कडीत माँजींची बोटं अजून अडकलेली आहेत.