कळा आणायला दवाखान्यात जाताना

(दृश्य: जांबोटीहून बेळगावकडे येणारा ओला रस्ता. मग सिव्हिलच्या आवारातली सकाळ: पिशव्या, थर्मास, घड्या घातलेल्या सतरंज्या.)

दिवस भरले. कार्डावरची तारीख आली आणि गेलीसुद्धा. घरात कुणी उघड काही बोलत नाही, पण आई रोज सकाळी चेहऱ्याकडे बघून अंदाज घेते, आणि चंदगडहून नणंदेचा फोन दिवसातून दोनदा येतो, "अजून कसं काय नाही गं?" मग तपासणीला गेल्यावर डॉक्टर सांगतात, उद्या सकाळी या, भरती करून घेऊ, कळा आणूया.

हे ऐकलं की पहिलटकरीण घाबरते. बाळाला काही झालंय का? आता सिझरच होणार का? बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर नाही असंच असतं. पण पुढचा दिवस, कदाचित पुढचे दोन दिवस, कसे जाणार हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. घरच्यांना तर त्याहून नाही. म्हणून या व्हिडिओचा निम्मा भाग आत झोपणाऱ्या बाईसाठी आहे आणि निम्मा बाहेर बाकड्यावर बसणाऱ्यांसाठी.

(दृश्य: दोन कार्डं शेजारी शेजारी. एक महाराष्ट्राचं, एक कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे तिकडचं गरोदर बाईच्या तपासणीचं कार्ड.)

आधी तारखेचं बघू, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. तेव्हा तारीख उलटणं हा आजार नव्हे. मात्र ४१ आठवडे झाले की पोटातलं पाणी कमी होऊ लागतं, वार पहिल्यासारखी चालेलच असं नाही, आणि ४२ च्या पुढे बाळाचा धोका वाढत जातो. म्हणून ४१ आठवडे झाले की कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अट एवढीच की ते ४१ खरोखर भरलेले असावेत.

आपल्या सीमाभागात गोची होते ती इथं. लेक दिलेली चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला. सातव्या महिन्यापर्यंतची तपासणी तिकडे. डोहाळजेवण झालं की पहिल्या बाळंतपणाला माहेरी: येळ्ळूर, कडोली, नंदगड, निपाणी. इथं नवं कार्ड, नवे डॉक्टर. आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी राहिली सासरच्या कपाटात! तारीख ठरवायला तोच कागद सगळ्यात भरवशाचा. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून वजनाचा अंदाज येतो, पण बाळाचं वय सांगताना ती दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. झबली-दुपटी पिशवीत मागाहून भरा, आधी तो कागद. सापडत नसेल तर सासरी फोन करून त्याचा फोटो मागवा.

तारखेशिवायही कारणं असतात. बीपी वाढलेलं असलं तर ३७ आठवड्यांनंतर थांबण्यात सहसा फायदा नसतो. साखर, बाळाची वाढ खुंटणं, पाणी जाऊनही कळा सुरू न होणं, यकृताच्या त्रासानं रात्री तळहात-तळपायांना सुटणारी खाज, ही त्यातलीच. अमावास्या टाळायची आहे किंवा नक्षत्र साधायचं आहे, हे मात्र कारण नव्हे. तसा हट्ट धरणारी घरं आहेत, म्हणून बोलावं लागतं.

गाव दूर असणं हेही एकट्यानं कारण ठरत नाही. पण कणकुंबीच्या बाजूला, भीमगडच्या जंगलात जी गावं आहेत, तिथून पावसात निघणं म्हणजे काय असतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. त्यांनी तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडे येऊन राहावं. कळा आपल्या आपण आल्या तरी माणूस दवाखान्याजवळ असतं.

(दृश्य: भरतीची खिडकी. नर्स कागद पुढे करते.)

भरती झाल्यावर सही मागतात. कागद कन्नडमध्ये असेल, नाहीतर इंग्रजीत. बेळगावातल्या बऱ्याच नर्सना दोन्ही भाषा येतात, "नोवु बंतेनु?" म्हणून विचारतील आणि पाठोपाठ "कळ आली काय?" असंही. तेव्हा लाजू नका, कागद वाचून दाखवा म्हणा. आणि तीन गोष्टी विचारून घ्या: माझ्या कळा कशासाठी आणताय, कशानं आणणार, आणि नाहीच आल्या तर पुढं काय. बाईनं स्वतः विचारलेलं बरं. नवऱ्यानं बाहेर विचारायचं आणि तिला काहीच कळायचं नाही, असं फार होतं.

मग आतून तपासणी. पिशवीचं तोंड किती मऊ झालंय, किती उघडलंय, बाळाचं डोकं किती खाली आलंय, हे बघून गुण देतात. १९६४ साली बिशप नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. गुण सहा किंवा त्याहून कमी आले तर तोंड अजून कच्चं आहे, आधी ते पिकवावं लागणार. नर्स बाहेर येऊन "एक बोट उघडलंय" म्हणते ते यालाच. पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोकेही बघतात. मिनिटाला ११० ते १६० हे ठीक.

तोंड पिकवायच्या तऱ्हा तीन-चार. कधी तपासताना डॉक्टर बोटानंच पाण्याची पिशवी कडेनं सोडवतात. ते दुखतं, नंतर थोडा लालसर स्राव जातो, घाबरायचं नाही. कधी आत जेल ठेवतात. ते फ्रीजमधलं औषध आहे, सहा तासांनी पुन्हा ठेवावं लागू शकतं. कधी फोलीची नळी घालून तिचा फुगा पाण्यानं फुगवतात आणि नळी मांडीला चिकटवतात. तोंड उघडलं की फुगा आपणच खाली येतो. आणि चौथी तऱ्हा गोळी, मिसोप्रोस्टॉल.

या गोळीचं आणि बेळगाव जिल्ह्याचं जुनं नातं आहे. बाळ झाल्यावर होणाऱ्या रक्तस्रावासाठी ती उपयोगी पडते का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या (जेएनएमसी) डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच जिल्ह्याच्या खेड्यांत तपासलं होतं. १,६२० बाया, बाळंतपणं करणाऱ्या गावच्याच एएनएम सिस्टर, म्हणजे आरोग्यसेविका. गोळी न मिळालेल्यांत शंभरात १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत ६.४. हा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. आपल्याकडे मात्र ही गोष्ट किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

आता फरक बघा. बाळ झाल्यावर ६०० मायक्रोग्रॅम एकदम देतात. बाळ पोटात असताना, कळा आणायला, फक्त २५ मायक्रोग्रॅम, तोंडानं दर दोन तासांनी. २४ पटींचा फरक! दुकानात मिळणारी गोळी बहुधा २०० ची असते. म्हणून काही ठिकाणी ती २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २५ मिलिलिटर पाजतात. तेव्हा दुकानातून आणून घरी अर्धी मोडून घेतली, असला उद्योग जिवावर बेतू शकतो. आधी सिझर झालेलं असेल तर कळा आणायला ही गोळी देतच नाहीत. जुना टाका उसवण्याची भीती असते, म्हणून आधीच्या सिझरची गोष्ट लपवू नका.

(दृश्य: वॉर्डातलं घड्याळ. दुपार. मग पुन्हा तेच घड्याळ, रात्र.)

आणि आता सुरू होतं ते थांबणं.

सकाळी जेल ठेवलं म्हणजे संध्याकाळी पेढे, असा बाहेरच्यांचा हिशोब असतो. तो चुकीचा आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ बायांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली आला. गोळी दिलेल्यांत २४ तासांच्या आत नॉर्मल बाळंतपण झालं ते सुमारे ५७ टक्क्यांचं, फुग्यानं सुमारे ४७ टक्क्यांचं. म्हणजे दिवस उलटला तरी निम्म्याच्या आसपास बाया अजून वाटेवरच किंवा दुसऱ्या वाटेला लागलेल्या. पहिल्या खेपेला तोंड पिकायलाच रात्र जाते. पोटात मुरडा येतो, कंबर धरते, मग पुन्हा सगळं शांत. "काही होईना झालंय" असं बाईला वाटतं, आणि खरं तर त्याच वेळी आत काम चालू असतं.

याच घटकेला बाकड्यावरची मंडळी अस्वस्थ होतात. गाडी करून गावचे आणखी चौघे येतात. "कालपासून ठेवलंय, करतायत काय हे?" कुणीतरी नर्सशी वाद घालतं, कुणी म्हणतं एकदाचं सिझर करून टाका. डॉक्टरांनी कारण नसताना सिझर केलं तर आपण नावं ठेवतो. पण घाई कित्येकदा बाहेरून आत जाते, हेही बोलायला हवं. आत फक्त एक बाई पाठवा: आई, मावशी, जाऊ, जी स्वतः बाळंत झालेली आहे आणि जिचा आवाज चढत नाही. सरकारी दवाखान्यात अशी सोबतीण आत असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ सालीच कळवलेलं आहे. तिनं कंबर चोळावी, पाणी द्यावं, फिरवावं. नळी किंवा सलाईन नसेल तर बाईनं फिरलेलं उत्तम. खायला काय द्यायचं ते नर्सला विचारा. धोका नसेल तर पेज, चहा, हलकं खाणं चालतं. दुधात तूप घालून पाजलं की बाळ सटकन सरकतं असं म्हणतात, पण तूप जातं पोटात आणि बाळ असतं पिशवीत, दोन्हींची गाठ पडत नाही. एरंडेल तर अजिबात नको. जुलाबानं बाई गळून जाते.

(दृश्य: सलाईनचे थेंब. नर्सचा हात चाक फिरवताना.)

तोंड पिकलं की पाणी फोडतात. ते फार दुखत नाही, कोमट धार लागते. पाणी हिरवट-काळसर असेल तर बाळानं आत शी केलेली असते, मग ठोक्यांवर जास्त लक्ष. यानंतर कळांचं सलाईन. त्यात ऑक्सिटोसिन असतं, शरीर स्वतःच बनवतं तेच. १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५५ चं नोबेल त्यासाठी मिळालं. जेल ठेवल्यावर सलाईन लावायला सहा तास तरी थांबतात, नाहीतर दोन औषधांचा जोर एकदम येतो. थेंब अगदी कमी सुरू करून अर्ध्या अर्ध्या तासानं वाढवतात. दहा मिनिटांत तीन-चार कळा आल्या की तिथंच ठेवतात, पाचाच्या वर गेल्या तर थेंब कमी किंवा बंद. बंद केलं की थोड्याच वेळात कळा उतरतात, म्हणून तर ते सलाईनमधून देतात.

गावात कुणी कळा वाढवायला म्हणून दंडावर किंवा कमरेवर हेच इंजेक्शन टोचत असेल, तर हात धरा. टोचलेलं परत काढता येत नाही. पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. तेच इंजेक्शन बाळ झाल्यानंतर मात्र योग्य, तेव्हा ते रक्त थांबवतं.

सलाईनच्या कळा आपणहून येणाऱ्या कळांपेक्षा अंगावर लवकर येतात, हे बायका सांगतात आणि त्या उगाच सांगत नाहीत. मोठ्या दवाखान्यांत पाठीतून भूल देण्याची सोय असते, इतर ठिकाणी कळ सुसह्य करणारं इंजेक्शन. काय मिळेल ते आधीच विचारा, कळ आल्यावर विचारायला सुचत नाही. आणि पोट सैल न होता सलग दगडासारखं राहिलं, रक्त गेलं, बाळ हलेनासं वाटलं, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घंटेची वाट बघू नका, हाक मारा.

सगळं करूनही कधी तोंड उघडत नाही, कधी ठोके घसरतात. मग सिझर. त्यात कुणाची चूक नसते. कळा आणल्या म्हणून सिझर झालं, असं सरसकट धरू नये. अमेरिकेत ३९ आठवडे भरलेल्या, धोका नसलेल्या सहा हजारांवर पहिलटकरणींचा अभ्यास २०१८ साली आला. कळा आणलेल्यांत सिझरचं प्रमाण उलट थोडं कमीच निघालं, १८.६ टक्के; वाट बघितलेल्यांत २२.२. इथल्या वॉर्डाची परिस्थिती तिथल्यासारखी नाही, हेही ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा.

(दृश्य: बाळंतिणीचा वॉर्ड. भरतीच्या खिडकीवर पुन्हा रांग.)

बाळ झालं, वार पडली, की पहिले दोन तास रक्तस्रावावर नजर. जास्त वेळ कळा सोसलेली पिशवी कधी नीट आवळत नाही, म्हणून नर्स पुन्हा पुन्हा पोट दाबून बघते. दुखलं तरी बघू द्या. सरकारी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर दोन्हींचा खर्च, औषधं, जेवण मोफत, ही योजना २०११ पासून आहे. घरी सोडायला नगु-मगु गाडी मिळते का ते निघायच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा.

एक काम बाप्यांसाठी. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, २१ दिवसांच्या आत. बाप चंदगडचा असला तरी दाखला कर्नाटकाचाच मिळणार. अर्ज भरताना आडनावाचं कन्नड आणि इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघा, आणि पाटील-पाटिल झालं असेल तर खिडकी सोडायच्या आधी दुरुस्त करून घ्या.