शेजारच्या गटाचे शब्द

भिंती नसलेल्या या दालनात एकाच वेळी तीन गट शिकत आहेत. डावीकडे अपूर्णांक समजावून सांगितले जात आहेत, मधल्या गालिच्यावर गोष्टीचे वाचन चालू आहे आणि उजवीकडे मुले प्रयोगाची मांडामांड करत आहेत. अपूर्णांकांच्या गटात मागे बसलेल्या मुलापर्यंत शिक्षिकेचा आवाज पोहोचतो, पण त्याच्या जोडीने गोष्टीतले शब्दही पोहोचतात. पंख्याची एकसुरी घरघर कान काही वेळाने बाजूला सारतात. समजणारे बोलणे मात्र मनाला ओढतच राहते.

१९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा अनेक मोकळ्या शाळा बांधल्या गेल्या आणि पुढे त्यांपैकी कित्येक ठिकाणी गोंगाटामुळे पुन्हा भिंती उभ्या राहिल्या. शिक्षणपद्धतीवर तेव्हा जो ठपका ठेवला गेला, त्यातला काही भाग खरे तर दालनांच्या रचनेच्या वाट्याचा होता.

आवाज बंद झाल्यावर त्याचा निनाद साठ डेसिबलने ओसरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ पासून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी व्याख्यानगृहात आवाज शोषणाऱ्या आसनांच्या गाद्या आणून हा काळ मोजला आणि तो दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो व ध्वनिशोषणाबरोबर घटतो, हे सिद्ध केले. निनाद लांबला की आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या क्षीण व्यंजनावर पडते आणि ‘पाच’, ‘सात’ यांतला फरक पुसट होतो. मोठी माणसे संदर्भावरून गाळलेली जागा भरतात. भाषा अजून घडत असलेल्या लहान मुलांना ते तितकेसे जमत नाही. त्यात गोंगाट वाढला की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, त्यामुळे गोंगाट आणखी वाढतो.

मात्र निनाद आटोक्यात आणणे एवढेच मोकळ्या दालनात पुरत नाही. बोलणे किती स्पष्ट कळते, हे शून्य ते एक या मापावर सांगणारा निर्देशांक आपल्या गटात किमान ०.६ असावा आणि शेजारच्या गटाच्या बोलण्यासाठी तो ०.३ च्या वर जाऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत आहे. एकाच दालनात जवळच्याला स्पष्ट आणि पलीकडच्याला अस्पष्ट, ही मागणी मोठी चमत्कारिक आहे.

ती पुरी करायची तर सुरुवात छतापासून करावी लागते, कारण पडदे किंवा कपाटे कितीही उंच ठेवली तरी कडक छतावर आदळून आवाज त्यांच्या वरून पलीकडे उतरतो. शोषक थराची जाडीही पाहावी लागते. १२५ हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या स्वराच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे २.७ मीटर असते. भिंतीला चिकटवलेल्या पातळ फोमला तो जुमानत नाही, म्हणून जाड थर किंवा थरामागे हवेची पोकळी लागते. गालिच्यामुळे खुर्च्यांची खरखर थांबते, बोलण्याच्या खालच्या स्वरांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

शोषक साहित्य थेट कानावर येणारा आवाज कमी करत नाही. त्यासाठी अंतर आणि आडोसा हवा. म्हणून गटांमधली जागा, शिक्षकांच्या तोंडाची दिशा आणि वेळापत्रक यांचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच व्हावा. वाचन आणि प्रयोग शेजारी-शेजारी, एकाच तासाला ठेवले तर उत्तम छतही अपुरे पडते; त्यामुळे आवाजाच्या कामांसाठी दार लावता येईल अशी एक खोली मोकळ्या शाळेतही राखून ठेवावी लागते.