मुतखडा दिसण्यापुरतेच किरण

वडोदरा, दांडिया बाजार. सकाळचे साडेआठ. कुशीत कळ धरून आलेले एक काका सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवे झालेत. "काका, हात डोक्यावर घ्या," तंत्रज्ञ ताई मराठीत सांगते. मशीनमधून येणारा आवाज मात्र गुजराती: "श्वास रोकी राखो."

आता ताईच्या हाताकडे बघा. टेबल तिने दोन बोटं वर घेतलं. मशीनमधून पडणारी लाल प्रकाशाची रेघ काकांच्या कुशीवर बरोबर मध्यावर आली. रुग्ण मधोमध नसेल तर यंत्रातल्या किरण गाळणाऱ्या फिल्टरचं गणित बिघडतं. कुठे किरणांचा डोस वाढतो, कुठे चित्र खराब होतं. या अर्ध्या मिनिटाची घाई कुणी करू नये.

सीटीचं चित्र निघतं क्ष-किरणांनी. हे किरण कमी केले की चित्रात दाणे उमटतात. ते निम्मे करायचे तर डोस चौपट करावा लागतो. म्हणून खरा प्रश्न असा, की डॉक्टरांना बघायचंय काय?

काकांचा मुतखडा शोधायचाय. खडा पांढराशुभ्र, दाणेदार चित्रातही उठून दिसणारा. पोटाच्या नेहमीच्या सीटीला साधारण ८ ते १० मिलीसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसचं माप) लागतात. काकांसारख्या सडपातळ माणसाचा खडा ३ च्या आसपासही सापडतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिळतातच. लिव्हरमधल्या गाठीचं तसं नाही. ती आजूबाजूच्या भागासारखीच करडी. तिथे हात आखडता घेतला तर गाठ निसटेल आणि स्कॅन पुन्हा करावा लागेल. म्हणजे घेतलेले किरणही वाया.

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. त्यांच्या पेशी नाजूक, पुढे अख्खं आयुष्य पडलेलं. किरणांचा जोर किलोव्होल्टमध्ये ठरवतात: मोठ्यांसाठी साधारण १२० लावतात, मुलांना बऱ्याचदा ८० किंवा १०० पुरतात. आणि सोनोग्राफीत भागत असेल तर सीटी कशाला? आईवडिलांनी हे विचारावं, न संकोचता.

ताईने स्कॅनची हद्द आखली: मूत्रपिंडाच्या माथ्यापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत. छातीकडे एक सेंटीमीटरही जास्त नाही. काही सेकंदांत टेबल सरकून परत आलं.

पडद्यावर चित्र आलंय, थोडं खरखरीत. मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला पाच मिलिमीटरचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसतोय. खालच्या कोपऱ्यातला डोसचा आकडा ताई वहीत उतरवून घेते, आणि काकांना उठायला हात देते.