मंगल कार्यालयात रिंग

हे जे टेम्पोतनं उतरतंय ना, ते लग्नाचं स्टेज नाहीये. हे लोखंडी खांब, एकेका खांबाला दोन-दोन जण लागतायत. मागनं बीम येतायत, मग प्लायच्या फळ्या, मग फोम, आणि ती निळी गुंडाळी म्हणजे कॅनव्हास. जागा आहे सिंहगड रोडवरचं एक मंगल कार्यालय. दिवस पितृपंधरवड्यातले, म्हणजे लग्न नाही, मुंज नाही, हॉल रिकामा, भाडं कमी, आणि म्हणूनच पुण्यातल्या या पोरांनी आपला प्रो रेसलिंगचा शो आत्ता ठेवलाय. मागच्या भिंतीवर 'शुभविवाह'ची थर्माकोलची अक्षरं तशीच आहेत. शिडी मिळाली नाही.

आता रिंग लागताना जरा नीट बघा. आधी चार कोपऱ्यांत चार खांब उभे राहतात आणि बीम टाकून एकमेकांत अडकवतात, मग मधे आडवे-उभे बीम, त्यावर शेजारी शेजारी प्लायच्या फळ्या, त्यावर फोम, आणि फोम म्हणजे गादी समजू नका, बोटाच्या पेराएवढा जाड असेल नसेल. त्यावर कॅनव्हास टाकून खालनं दोरीनं आवळत न्यायचा, एक बाजू ओढली की दुसरीकडे सुरकुती पडते, मग परत सोडा, परत ओढा. सुरकुती राहिली तर पाय अडकतो. ही रिंग 18 फुटांची आहे, टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूईची असते ती 20 फुटांची.

हे रोप. दिसतात दोऱ्या, पण आत स्टीलची वायर आहे, वरनं बागेतला पाण्याचा पाइप चढवलाय आणि त्यावर टेप. कोपऱ्यात जे फिरवतोय तो टर्नबकल, त्यानं ताण वाढतो. ताण कमी राहिला तर धावत येणारा माणूस रोपवरनं थेट प्रेक्षकांत, जास्त झाला तर बरगड्यांवर वळ. वळ तसेही उठतातच. रोपवर आपटून परत यायची रोज प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही काखेखाली बघा, हिरवं-निळं असतंच.

आता हा रिंगमध्ये नुसताच उड्या का मारतोय? फळ्या तपासतोय. सगळीकडे 'धब्ब' यायला पाहिजे, कुठं 'खट' आलं की ती फळी बीमवर बसलेली नाही, मग सगळा कॅनव्हास उचला. उचलला त्यांनी. अडीच वाजलेत, कुणी जेवलेलं नाहीये.

आणि हा बंप. बंप म्हणजे पडणं, पण पडायची एक पद्धत असते. हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा आणि त्याच क्षणाला दोन्ही हात बाजूला पसरून तळवे जोरात आपटायचे. कोपर टेकवायचं नाही, माकडहाड तर अजिबात नाही. मान मागे गेली तर डोकं आपटतं, संपलं. नवीन पोरगं येतं ते टीव्हीवर बघितलेले फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारे डाव, मारायला, आणि त्याला कित्येक दिवस हे एवढंच करायला लावतात. खाली पोकळी असल्यामुळं आवाज ढोलासारखा घुमतो, आणि आवाजासाठीच सगळं असतं असं वाटून लोक म्हणतात लागत नसणार. लाकूड आहे हो ते!

निकाल ठरलेला असतो, हो. त्यात लपवायचं काय राहिलंय? 1989 साली अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफनं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनं, न्यू जर्सीच्या सिनेटपुढं स्वतःहून सांगून टाकलं होतं की आमचं हे मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नाही, कारण त्यांना क्रीडा आयोगाचे नियम आणि टॅक्स नको होते. मोठी कंपनी होती, फायदा झाला. आपल्याकडे मात्र याच उत्तरानं पोरं अधांतरी लटकतात, कुस्तीवाले म्हणतात हे नाटक, नाटकवाले म्हणतात ही कुस्ती.

आणि पुण्याला हे नवीन आहे असंही नाही. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत 'रिंग का किंग'चं सगळं शूटिंग झालं होतं, अमेरिकेतल्या टीएनए या रेसलिंग कंपनीचा शो, 2012 मध्ये जानेवारी ते एप्रिल कलर्सवर लागायचा, हरभजन सिंग त्याचा ब्रँड अँबॅसॅडर. एक सीझन झाला आणि गुंडाळलं. त्याच्याही आधी मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग नावाच्या पैलवानाच्या लढतींना स्टेडियम भरायची, 1968 ला मुंबईतच दारा सिंगनं अमेरिकेच्या लू थेझ या पैलवानाला हरवलं. आज इथं दीडेकशे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, कार्यालयाच्याच, पाठीवर मालकाचं नाव रंगवलेल्या.

शो सातचा होता, आठ वाजलेत. तिसऱ्या रांगेतले काका घड्याळ दाखवून विचारतायत, "मुहूर्ताची वाट बघताय का?"

हा काळ्या जॅकेटमधला आजचा व्हिलन, यांच्या भाषेत हील. माइक घेऊन पहिलं वाक्य काय बोलला तर पुण्यात पार्किंग मिळत नाही कारण पुणेकरांना गाडी चालवता येत नाही. बास, एवढ्यावर हॉल पेटला. समोरचा तो मास्कवाला, पब्लिकचा लाडका. आणि पब्लिक बघा कसलं मिक्स आहे, पुढं शाळेतली पोरं डब्ल्यूडब्ल्यूईतल्या मूव्हची नावं ओरडतायत, आणि मागं पेठेतल्या तालमीतनं आलेली चार-पाच माणसं, लाल मातीतली, त्यांचं चाललंय "पट काढ! अरे पट काढ की त्याचा!" त्यातले एक वयस्कर वस्ताद आल्या आल्याच बोलले होते, नुरा कुस्ती आहे ही, आधीच ठरवलेली. तरी हात बांधून शेवटपर्यंत बसले, आणि हीलनं मास्कवाल्याचे डोळे ओरबाडले तेव्हा रेफ्रीला शिव्या घालणाऱ्यांत सगळ्यात पुढे तेच.

हेडलॉक लागलाय इथं तोंडाकडे बघा. केसांत तोंड खुपसलंय ना, तो बोलतोय, पुढचं काय करायचं ते सांगतोय. रेफ्रीचंही तेच, पडलेल्याजवळ वाकतो तेव्हा किती मिनिटं उरली ते सांगतो, आणि ठीक आहेस का ते विचारतो. हात धरलाय तोही डावाच, बहुतेक ठिकाणी डाव्या बाजूलाच काम करायची रीत आहे, म्हणजे अनोळखी माणूस समोर आला तरी गोंधळ होत नाही. पण हा चॉप, छातीवर उघड्या पंजानं मारलेला, याच्यात काहीच ठरवाठरवी चालत नाही. लाल बोटं उमटलीत ती मेकअपची नाहीयेत. दुसरा घ्या. हा तिसरा.

मास्कवाला टॉप रोपवर चढलाय आता. आणि वर बघा, पंखा. दुपारीच बंद करून ठेवलाय, पण पाती डोक्यापासून हातभर लांब, म्हणून जी उडी सरळ उभं राहून मारायची ती याला गुडघ्यात वाकून मारावी लागली. मारली. खाली दाबून धरलं, रेफ्रीनं मोजलं, वन, टू, थ्री, जिंकला.

त्याचा खांदा मात्र दुखावला, एमआरआय स्वतःच्या खिशातनं केला, गेटवर जमलेल्या पैशात हॉल आणि टेम्पो भागला, वाटायला काही उरलं नाही.

हे शोनंतरचं. व्हिलन टेबल टाकून टी-शर्ट विकतोय, दादा-दादा करत सुट्टे पैसे परत देतोय. एका आजींनी नातवासाठी टी-शर्ट घेतला, पण त्याच्या हातातनं नाही, शेजारच्या मुलीकडनं घेतला.

आता पुढची अडचण. तुळशीचं लग्न झालं की कार्यालयं बुक होतात आणि उन्हाळ्यापर्यंत यांना हॉल मिळत नाही. तोवर रिंग कुणाच्या तरी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आणि पोरं ज्युदोच्या मॅटवर, पण मॅटवर रोप नसतात, उडी घ्यायला कोपरा नसतो, रिंग वर्षभर लावून ठेवता येईल अशी एक जागा लागते. वारजे, धायरी, हडपसर, चिंचवड, कुठंही चालेल, बंद पडलेलं वर्कशॉप असलं तरी चालेल. जमिनीपासून रिंगचा फ्लोअर साडेतीन-चार फूट, त्याच्यावर कोपऱ्याचा खांब चार-साडेचार फूट आणि त्याच्यावर उभा माणूस, तेव्हा छत पंधरा फुटांच्या वर हवं. आणि मधे पंखा नको.