चारशे बाराचं वर्गमूळ

श्रोतेहो, नमस्कार.

बी.एस्सी.चे निकाल लागले की पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. पलीकडे कधी विद्यार्थी असतो, कधी त्याचे वडील, आणि हल्ली बऱ्याचदा आई. प्रश्न एकच असतो. "सर, पोरगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते म्हणतेय. पण पुढं काय?" मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात पंचवीस वर्षांहून जास्त काळ एम.एस्सी.ला शिकवतोय. तरी या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत मला कधी जमलं नाही. आज आकाशवाणीनं वेळ दिलाय, तर नीट सांगतो.

सुरुवात आमच्या प्रयोगशाळेतून करतो.

आमच्याकडे जी.एम. काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारा गायगर-म्युलर काउंटर, नावाचं यंत्र आहे. एक नळी, तिच्यात वायू, मधोमध एक तार. समोर किरणोत्सर्गी पदार्थ ठेवला की त्यातून निघालेला कण नळीत शिरतो आणि काउंटरवरचा आकडा एकानं पुढं सरकतो. मिनिटाला किती काउंट येतात ते दहा वेळा मोजायचं, एवढाच प्रयोग. काही वर्षांपूर्वी दोन मुली या प्रयोगाचं जर्नल तपासायला घेऊन आल्या. अक्षर सुरेख, तक्ता आखीव. रीडिंग होती ४१२, ४१३, ४११, ४१२, ४१२, ४१३. मी विचारलं, "४१२ चं वर्गमूळ किती गं?" एक म्हणाली, "साधारण वीस, सर." "मग तुमची रीडिंग वीस-वीसनं वर-खाली का होत नाहीत?"

श्रोतेहो, यातली गंमत समजून घ्या. एखादं अणुकेंद्रक नेमकं कोणत्या क्षणी फुटेल, हे जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला सांगता येत नाही. सांगता येते ती फक्त सरासरी. त्यामुळं जितके काउंट मोजाल, त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार त्यात असणारच. शंभर काउंट मोजले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. दहा हजार मोजले तर शंभरचा, म्हणजे एकच टक्का. चूक दहापट कमी करायची, तर काउंट शंभरपट मोजायला हवेत. तिथं आडवाट नाही. खरी रीडिंग ३९८, ४३१, ४०५, ४२२ अशी ओबडधोबडच येतात. ४१२, ४१३, ४११ अशी शिस्तीत येणारी रीडिंग निसर्गानं दिलेली नसतात, माणसानं लिहिलेली असतात.

दोघी गप्प झाल्या. मग त्यातली एक म्हणाली, "सर, मशीन बंद होतं. मागच्या बॅचच्या जर्नलमधली सरासरी घेतली आणि आसपासचे आकडे टाकले." खरं बोलली, याचं मला बरं वाटलं. वीस विद्यार्थ्यांमागं एक काउंटर, तोही अधूनमधून बिघडलेला; दोष एकट्या त्या मुलींचा नव्हता, आमचाही होता. पण मी ते पान रद्द केलं. काउंटर दुरुस्त झाल्यावर दोघींनी एका रविवारी येऊन सगळी रीडिंग पुन्हा घेतली.

आता तुम्ही म्हणाल, विचारलं करिअरचं आणि हे काउंटरचं काय सांगत बसलेत. माझं ठाम मत आहे की एम.एस्सी.च्या दोन वर्षांत पुढच्या आयुष्याची जी काही तयारी होते, ती रीडिंगच्या त्या तक्त्यापाशी होते. आमच्याकडे 'रीडिंग जुळवणं' हा शब्द इतका रुळलाय की त्यात काही गैर आहे असं मुलांना वाटतच नाही. उत्तर आधी माहीत असतं, मग उलटं गणित करून आकडे भरायचे. बाहेरच्या परीक्षकासमोर ते एखाद्या वेळी खपून जातं. पुढं मोठ्या संशोधन संस्थेच्या मुलाखतीत समोरचे पाच जण विचारतात, "तुम्ही स्वतः केलेला एक प्रयोग सांगा. त्यात चूक कुठून आली? किती आली?" ज्यानं रीडिंग जुळवली, त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण त्याच्या प्रयोगात चूक झालेलीच नसते.

साधा फोर-प्रोबचा प्रयोग घ्या. जर्मेनियमच्या तुकड्यावर चार टोकं टेकवायची आणि रोध मोजायचा. चार कशाला, दोन का नाहीत? कारण टोक जिथं टेकतं, तिथल्या सांध्याचाही रोध असतो आणि दोनच टोकं घेतली तर तोही मोजमापात मिसळतो. म्हणून बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांमध्ये फक्त व्होल्टेज बघायचं. एवढं ज्या मुलाला मनापासून कळलं, त्याला आपण मोजतोय ती वस्तू आणि मोजताना आपण मध्ये घातलेली भर, यातला फरक कळला. नोकरी कुठलीही असो, ही समज त्याला उपयोगी पडणार आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळतो. क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, गणिती पद्धती, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर हे विषय तुमच्या माझ्या काळापासून तेच आहेत. बदललं ते भोवतालचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.एस्सी.चा आराखडा बदलला. पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, ज्याला सगळे ओ.जे.टी. म्हणतात, आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प. या दोन्ही गोष्टी कुणाकडून तरी प्रमाणपत्र आणून उरकता येतात, हे मला ठाऊक आहे. पोरांनो, हात जोडून सांगतो, तसं करू नका. एखाद्या कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात, एखाद्या दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत, सौरऊर्जेचं काम करणाऱ्यांकडे खरोखर जाऊन बसा. महिनाभरात जे बघाल, ते कुठल्याही गाईडमध्ये छापलेलं नाही.

परीक्षांबद्दल. आय.आय.टी.सारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश हवा असेल, तर त्यासाठी जॅम नावाची प्रवेश परीक्षा आहे, ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत द्यायची असते. आमच्या भागातल्या कितीतरी हुशार मुलांना तिचं नावच उशिरा कळतं आणि वर्ष हातचं जातं. सेकंड इयरच्या मुलांनो, ऐकताय ना, हे आजच वहीत लिहून ठेवा. एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट, गेट, जेस्ट या परीक्षा, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टी.आय.एफ.आर.ची, स्वतःची प्रवेश परीक्षा. नेट शेवटच्या वर्षात असतानाही देता येते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. नेटमधून जे.आर.एफ., म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पीएच.डी. म्हणजे घरून पैसे आणायचे, असा समज असलेल्या आई-वडिलांसाठी हा आकडा मुद्दाम सांगितला.

नेटच्या पेपरात एक वेगळेपण आहे. भौतिकशास्त्राच्या पेपरात ७५ प्रश्न छापलेले असतात, सोडवायचे असतात जास्तीत जास्त ५५. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा. कोणता प्रश्न सोडायचा हे कळणं, हाही त्या परीक्षेचा एक भाग आहे. आमची मुलं इथं मार खातात, कारण कॉलेजच्या परीक्षेत त्यांनी 'सविस्तर उत्तरं लिहा' एवढंच केलेलं असतं. एम.एस्सी. संपल्यावर शहरात खोली घेऊन वर्षभर क्लास लावायचा, हा बेत मला पटत नाही. पहिल्या सेमिस्टरपासून रोज दोन प्रश्न, उत्तर न बघता. अडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. दोन वर्षांत हजारावर प्रश्न होतात. हे ज्यांनी केलं, त्यांना मी यशस्वी होताना पाहिलंय.

इंग्रजीची भीती हा स्वतंत्र विषय आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं मला सांगतात, "सर, कळतं, पण बोलता येत नाही." मी त्यांना म्हणतो, आधी मराठीत समजावून सांग. शेजारच्या खोलीतल्या मित्राला हॅमिल्टोनियन म्हणजे काय, ते आपल्या बोलीत सांग. तिथं अडखळलास तर घोटाळा इंग्रजीचा नाही, तो फिजिक्सचा आहे. मराठीत सुटलं की इंग्रजी वाक्यं तीन-चार महिन्यांत बसतात.

सुट्टीचंही सांगून टाकतो. देशातल्या विज्ञान अकादम्या दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. पुण्याच्या आयुकामध्ये, डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, सुट्टीतले कार्यक्रम असतात. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी करावा लागतो, म्हणून दिवाळीनंतर डोळे उघडे ठेवा. नारायणगावजवळ खोडदला जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथं एकदा जाऊन या.

आणि आता आपल्या दारात काय येतंय, ते बघा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात दोन बाहू, प्रत्येक चार किलोमीटर लांब. गुरुत्वीय लहर आली की या बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही सूक्ष्म फरक पडतो, आणि तो मोजायचा. यंत्राचं मूळ तत्त्व तुमच्या लॅबमधल्या मायकेलसन इंटरफेरोमीटरचंच, म्हणजे प्रकाशाचे दोन किरण एकमेकांवर आणून लांबीतला बारीक फरक मोजायचा. अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली, पण जाहीर केली ११ फेब्रुवारी २०१६ ला. मधले पाच महिने कशात गेले? हा सिग्नल खरा आहे की आपल्याच यंत्राची काही गडबड आहे, हे तपासण्यात. आमच्या भागातल्या एखाद्या पोरानं उद्या तिथं काम करावं, असं मला फार वाटतं. औंढ्याला जाणारी एस.टी. दिसली की दर वेळी हा विचार मनात येतो.

प्राध्यापक व्हायचं म्हणणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं. नेट किंवा राज्याची सेट ही पात्रता परीक्षा लागते, पीएच.डी. असेल तर बरं. पण भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तोवर तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबानं मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर काम करावं लागतं. माझे काही उत्तम विद्यार्थी चाळिशीला आले तरी त्याच अवस्थेत आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना मला त्रास होतो. म्हणून सांगतो, शिकवण्याची ओढ असेल तर जरूर या, पण हा एकच दरवाजा धरून बसू नका. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. तिथं निवड झाली की वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक होते. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, मान्सूनचा अभ्यास करणारी. तिथं फिजिक्सवाल्यांना जागा आहे. संगणकावर पायथन नीट येत असेल तर आकडेवारीच्या कामाची खासगी क्षेत्रं उघडतात.

आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मेडिकल फिजिक्स. कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देताना किती डोस, कुठल्या कोनातून, शेजारच्या निरोगी पेशींना किती लागेल, हे गणित डॉक्टरांच्या बरोबरीनं भौतिकशास्त्रज्ञ करतो. तो नसेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे किरणोपचार केंद्र चालवताच येत नाही. एम.एस्सी. फिजिक्सनंतर भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याची एक वर्षाची पदविका आहे, नंतर एखाद्या रुग्णालयात वर्षभर प्रत्यक्ष अनुभव.

त्या दोन मुलींमधली एक याच वाटेनं गेली. जिनं मला खरं सांगितलं, तीच. गेल्या दिवाळीत घरी आली होती. मी विचारलं, "रोजचं काम काय असतं तुझं?" म्हणाली, "सर, सकाळी पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी मशीनचा आउटपुट तपासते. किरणांचा डोस मोजणारा चेंबर ठेवायचा, बीम चालू करायचा, रीडिंग घ्यायचं. ठरलेल्या आकड्यापासून तीन टक्क्यांच्या वर हललं, तर मशीन थांबवायचं आणि कारण शोधायचं. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असतात. नातेवाईक काचेतून बघत असतात. आतून कुणीतरी म्हणतं, मॅडम, घ्या ना चालवून." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मी पुन्हा रीडिंग घेते."

नमस्कार.