बाळंतिणीची खाडी

मघाशी ओळख करून देताना माझ्याविषयी 'देवमाशाला हात लावून आलेल्या बाई' असं सांगितलं गेलं. हात लावला, हे खरं. तो प्रसंग मी सांगणारच आहे. पण त्याआधी ती खाडी कुठे आहे आणि दीडशे वर्षांपूर्वी तिथे काय घडलं हे तुम्ही दर्यावर जाणाऱ्यांनी ऐकायला हवं. ते ठाऊक नसेल तर त्या हाताला काहीच किंमत नाही.

मेक्सिकोच्या पश्चिमेला बाहा कॅलिफोर्निया नावाचा लांबलचक द्वीपकल्प आहे. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कॅलिफोर्नियाचं आखात आणि मध्ये वाळवंट. साधारण मधोमध, महासागराच्या बाजूला, सॅन इग्नासिओची खाडी जमिनीत शिरलेली आहे. माझी मुलगी अमेरिकेत सॅन दिएगोला असते. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या चार मराठी कुटुंबांनी मिळून तिकडे जायचं ठरवलं. आम्ही तेरा जण, दोन गाड्या. सगळ्यात लहान मुलगा नऊ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या आमच्या विहीणबाई, वय एकाहत्तर. त्या सांगलीच्या. कृष्णेचे पूर त्यांनी पाहिलेत, पण समुद्रात होडीवर कधी पाय ठेवलेला नव्हता.

साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, दोन दिवस लागले. निवडुंगाची अक्षरशः जंगलं लागतात. एकेक निवडुंग आपल्या माडाएवढा. वाटेत गेरेरो नेग्रो नावाचं गाव येतं. लांबून पांढऱ्या टेकड्या दिसतात, जवळ गेल्यावर कळतं की तो मिठाचा ढीग आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक तिथे आहे. गावाच्या नावाचा अर्थ 'काळा योद्धा'. १८५८ साली जवळच बुडालेल्या 'ब्लॅक वॉरियर' या जहाजावरून ते पडलं, आणि ते जहाज देवमाशांच्या शिकारीचं होतं. मीठ आणि शिकार, दोन्ही लक्षात ठेवा.

सॅन इग्नासिओ गावात खजुराची गर्द झाडी आहे, १७८६ साली पुरं झालेलं दगडी चर्च आहे. तिथून खाडी आणखी साठ किलोमीटर. खाडीकाठी तंबू होते, वारा होता, मोबाईलला रेंज नव्हती. बाकी व्यवस्थेविषयी सांगण्यात वेळ घालवत नाही.

तिथे येतो तो करडा देवमासा. पूर्ण वाढलेला बारा ते पंधरा मीटर लांब, वजन तीस-चाळीस टनांपर्यंत. पाठीवर उंच पर नसतो, शेपटीकडे नुसते उंचवटे असतात. उन्हाळाभर तो अलास्कापलीकडच्या बेरिंग आणि चुकची समुद्रात असतो. तिथे एका कुशीवर होऊन तळाचा चिखल तोंडात ओढतो आणि त्यातले बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातो. बर्फ धरायला लागलं की दक्षिणेची वाट धरतो. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटरचा प्रवास. बारा-तेरा महिने पोट वागवलेल्या माद्या या उथळ, कोमट, खाऱ्या पाण्यात वितात. पिल्लू जन्मतःच साडेचार मीटरचं. आईच्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते, त्यामुळे ते झपाट्याने भरतं. मग एप्रिलपर्यंत पिल्लाला अंगाशी धरून आई परत उत्तरेकडे निघते.

पहिल्या रात्री जेवणाच्या तंबूत हे सगळं तिथल्या एका मुलीने सांगितलं, माझी लेक मराठीत सांगत गेली. विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी येते म्हणा की." मग कळलं की उत्तरेतून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत, कित्येक महिने, ती जवळजवळ काही खात नाही. अंगावरच्या चरबीवर प्रवास, त्यावरच बाळंतपण, त्यावरच दूध. विहीणबाईंचा घास हातातच राहिला. "बाळंतीण, आणि उपाशी?" एवढंच म्हणाल्या.

मी तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. सस्तन प्राण्यांची लक्षणं किती वेळा फळ्यावर लिहिली असतील. पण 'सस्तन' या शब्दाचं वजन मला त्या तीन शब्दांत कळलं.

आता शिकारीचं. सॅन इग्नासिओच्या उत्तरेला ओहो दे लिएब्रे नावाची दुसरी मोठी खाडी आहे. १८५७-५८ च्या हिवाळ्यात चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन नावाचा अमेरिकन कप्तान तिच्यात जहाज घेऊन शिरला. आत माद्या आणि पिल्लं. पळायला वाट नाही, पाणी उथळ. देवमाशाच्या चरबीचं तेल तेव्हा दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी लागे. शिकाऱ्यांची एक रीत होती. पिल्लाला जखमी करायचं, म्हणजे आई त्याला सोडून जात नाही. आई मात्र उलटत असे. शेपटीच्या एका तडाख्यात होडीच्या फळ्या मोकळ्या, माणसांची हाडं मोडलेली. म्हणून त्या लोकांनी या प्राण्याला नाव दिलं 'डेव्हिलफिश'. सैतान मासा. पिल्लाला भाला लागल्यावर धावून आलेली आई, तिला सैतान म्हणायचं! आपल्या भाषेत तोच जीव देवमासा आहे. ज्या कुणी आपल्या पूर्वजाने हे नाव ठेवलं त्याचे पाय धरावेत असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढे स्फोटक भाले आले आणि लांबून मारणं सोपं झालं. दुसरी जहाजं आली, सॅन इग्नासिओतही शिकार सुरू झाली. वीस-पंचवीस वर्षांत खाड्या ओस पडल्या. १८७४ साली छापलेल्या पुस्तकात स्कॅमनने स्वतःच प्रश्न केला आहे, की हा प्राणी लवकरच नामशेष झालेल्यांत गणला जाईल की काय. ज्याने वाट दाखवली त्यालाच तो प्रश्न पडला. विसाव्या शतकात शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, उरलेसुरले हळूहळू वाढले आणि त्याच खाड्यांत परत येऊ लागले.

परत आले तरी काठावरच्या कोळ्यांच्या मनात भीती होतीच. देवमासा जवळ आला की ते होडीच्या फळीवर ठोकत, म्हणजे तो दूर जाईल. १९७२ साली फ्रान्सिस्को मायोराल नावाचा कोळी, त्याला सगळे पाचिको म्हणत, जोडीदाराबरोबर सॅन इग्नासिओत मासेमारी करत होता. एक देवमासा होडीला खेटून वर आला आणि जाईना. कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. शेवटी पाचिकोने घाबरत हात पुढे केला आणि त्याच्या अंगाला लावला. इतकंच घडलं. २०१३ साली पाचिको वारला, पण आज त्या खाडीवर जी कुटुंबं जगतात त्यांची सगळी कहाणी या हातापासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. होडीला तिथे 'पांगा' म्हणतात. फायबरची, मागे बाहेरून इंजिन लावलेली, आपल्याकडच्या छोट्या होडीसारखीच. आमचा तांडेल पन्नाशीचा होता, बाप मासेमारी करायचा आणि हा हिवाळ्यात माणसं नेतो. खाडीच्या तोंडाजवळच्या ठरलेल्या भागातच जायचं. एका वेळी सोळाच होड्या, सोळा आत असतील तर सतराव्याने बाहेर थांबायचं. दीड तास झाला की परत. खाडीचा आतला भाग, जिथे माद्या वितात, तिथे पर्यटकांना मज्जाव. हंगामात खाडीत जाळी टाकत नाहीत. आपण पावसाळ्यात होड्या वर ओढतो आणि नारळीपौर्णिमेपर्यंत दर्याला विसावा देतो, तसंच हे. तुम्हा लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

तांडेलाने इंजिन न्यूट्रलला टाकलं, बंद केलं नाही. होडी कुठे आहे हे देवमाशाच्या मादीला आवाजावरून कळायला हवं, म्हणाला. पाठलाग करायचा नाही, वाटेत आडवं जायचं नाही. यायचं असेल तर ती येईल. चाळीस मिनिटं आम्ही नुसते बसून होतो. लांबवर फवारे उडत होते. समोरून पाहिलं तर त्या फवाऱ्याचा आकार पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. मुलं कंटाळली. विहीणबाई होडीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसल्या होत्या.

मग पाण्याचा रंग बदलला. आमच्या खालून काहीतरी फिकट, ठिपक्याठिपक्यांचं सरकत गेलं, आणि किती तरी वेळ सरकतच राहिलं. आमच्या होडीपेक्षा कितीतरी लांब. ती आई होती. अंगावर शिंपल्यासारखे चिकटलेले जीव, त्यांच्या कडेने नारिंगी उवांची वस्ती. तिने एक उच्छ्वास सोडला आणि आम्ही सगळे भिजलो. त्या वाफेला कुबट, माशाचा वास होता. नंतर पिल्लू वर आलं. काळसर, गुळगुळीत. आईने खालून त्याला पाठीवर घेतलं आणि होडीकडे ढकललं. हे मी वाढवून सांगत नाही. तेरा जणांनी पाहिलं.

हात सगळ्यात आधी विहीणबाईंनी घातला. फळी कधी सोडली ते आम्हाला कळलंच नाही. मग मी. सोललेल्या उकडलेल्या अंड्याला ओला रबर मढवावा, तसा स्पर्श. तोंडाच्या पुढच्या भागावर खळगे होते आणि प्रत्येक खळग्यात एकेक ताठ केस. सस्तन प्राण्याच्या अंगावर केस असतात, लक्षण क्रमांक दोन. पिल्लू कुशीवर झालं आणि त्याचा डोळा पाण्याबाहेर आला. तपकिरी, भोवती सुरकुत्या. विहीणबाई त्याच्याशी बोलत होत्या, "खाल्लंस का रे बाळा, प्यालास का?" आणि आई दोन हात अंतरावर स्थिर होती. तिच्या आजीच्या आजीची पिल्लं याच किनाऱ्यावर भाल्याने मारली गेली होती, आणि मारणारेही असेच होडीत बसून आले होते. मला दुसरं काही सुचेना. डोळे भरून आले.

पुष्कळ जण विचारतात की वन्य प्राण्याला हात लावावा का. माझं मत सांगते. एरवी लावू नये. तिथेही ती आली तरच. हात लावायला मिळावा म्हणून कुणी इंजिन जोरात मारून मागे जाऊ लागला, तर तो स्कॅमनच्याच वाटेने चालला आहे असं मी समजेन.

आता मीठ. १९९० च्या दशकात याच सॅन इग्नासिओच्या काठावर प्रचंड मिठागर उभारायची योजना आली. मेक्सिकोचं सरकार आणि जपानची मित्सुबिशी यांची भागीदारी होती, गेरेरो नेग्रोचं मिठागरही तेव्हा त्यांचंच. खाडीचं पाणी पंपाने उपसायचं, हजारो हेक्टरांवर आगर काढायचं, मीठ भरायला समुद्रात जवळपास दोन किलोमीटर लांब धक्का. आगर काय असतं हे कोकणात राहणाऱ्याला ठाऊक आहे, पण हे आगर वेगळ्या मापाचं होतं. खाडी तेव्हाही संरक्षित होती. १९८८ पासून राखीव जीवावरण क्षेत्रात आणि १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. कागदावरचं संरक्षण तेवढ्याने टिकत नाही. काठावरचे कोळी, मेक्सिकोतले लेखक आणि शास्त्रज्ञ, बाहेरच्या संस्था पाच वर्षं झगडले. जगभरातून पत्रांचे ढीग गेले. २ मार्च २००० रोजी अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी योजना रद्द केल्याचं जाहीर केलं. पुढे २००५ मध्ये तिथल्या गावाने आपली सामाईक जमीन, जवळपास अठ्ठेचाळीस हजार हेक्टर, उद्योगाला न देण्याचा करार केला. आमचा तांडेल त्या सभेला होता. "माझ्या नातवाला पांगा चालवायचा आहे," म्हणाला, "ट्रक नाही."

एवढं करूनही त्या खाडीत आज काळजी आहे. २०१६ च्या सुमारास करडे देवमासे सत्तावीस हजार होते, २०२३ च्या मोजणीत साडेचौदा हजार भरले. २०१९ ते २०२३ या काळात उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला ६९० मेलेले लागले, पुष्कळसे रोडावलेले. उत्तरेतला बर्फ बदलला, तळाचं खाणं घटलं. माहेर राखलं, पण सासरी अन्न उरलं नाही. सोळा होड्यांचा नियम तिथवर पोचत नाही.

आम्ही मार्चमध्ये परतलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात, दिवाळीच्या दिवसांत, आपल्या गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. तुमच्यातले काही जण तिथे होते. ओली कापडं टाकली, अंगावर पाणी मारत राहिले, दोरखंड लावून खोल पाण्यात नेऊन सोडलं. चाळीस तासांच्या आसपास माणसं झटत होती. ते वाचलं नाही. बातमी पाहून सांगलीहून विहीणबाईंचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "त्याची आई कुठे होती हो?"

आपल्या समुद्रात देवमासे आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. अडकलेल्या संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं, तर २०१८ पासून राज्य सरकार पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ज्यांना हे माहीत नसेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटा, अर्ज कसा करायचा ते सांगते. पण त्या फोनवर मी गप्प राहिले, कारण पिल्लाची आई सर्वांत आधी कुणाला दिसते तर तुम्हाला. पहाटे बाहेर जाणाऱ्या तांडेलाला, खलाशाला.

म्हणून वाचनालयाच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने आखलेत: तारीख, वेळ, किनारा कुठल्या अंगाला आणि किती लांब, किती वाव पाणी, फवारा उंच की बसका, पाठीवर पर होता का, आणि शेवटचा रकाना, सोबत पिल्लू होतं का. ज्यांना लिहायचा कंटाळा असेल त्यांनी नुसतं सांगा, मी लिहून घेईन. मी रोज संध्याकाळी पाच ते सात इथेच असते.